रूथचा बिल्ला: दीपनगर ते नरडाणा, आणि बेटावदहून माघारी

कसे आहात सगळे? आधी एकेकाची चौकशी करतो, मग गाडीत बसू. साक्रीचे दगडूनाना, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आता महिना झाला असेल, पट्टी निघाली का? हे स्वतः वाचताय की सूनबाई वाचून दाखवतेय? चोपड्याच्या शालिनीअक्का, गुडघे काय म्हणतात? थंडीत जिना चढू नका असं मी मागेही लिहिलं होतं, तुम्ही ऐकलं नसणारच. फैजपूरचे गुरुजी, तुमची साखर ताब्यात आहे ना? आणि पुण्याहून दर लेखाखाली "आबा, पुढं काय झालं" विचारणारी आमची लेक, बाळाचा खोकला गेला का?

आम्ही दोघं बरे आहोत. माझा रक्तदाब आहे तिथेच आहे. आमच्या हिची कंबर थंडीत धरते, पण तीन दिवसांचा प्रवास तिने माझ्यापेक्षा चांगला केला.

गेले आठ महिने मी इथे काही लिहिलं नाही. पुष्कळांनी विचारलं, मी टाळलं. आता सांगतो. आमची धाकटी, रूथ, नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात बॉयलर सांभाळते. परीक्षा देऊन, सर्टिफिकेट घेऊन. मी दीपनगरच्या वीजकेंद्रात उभा जन्म बॉयलर फिटर म्हणून काढला, तेव्हा हे वेड तिला कुठून लागलं ते सांगायला नको. आठ महिन्यांपूर्वी तिथे वाफेच्या पाइपच्या जोडातलं गॅस्केट फुटलं आणि तिचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. धुळ्याच्या दवाखान्यात सात आठवडे, मग नरडाण्यातच तिच्या खोलीवर आराम. आता डॉक्टरांनी कामावर जायला मोकळीक दिली. कामावर जायच्या आदल्या संध्याकाळी तिने उपकारस्तुती ठेवली. आमच्या ख्रिस्ती घरांत अशी रीत आहे. संकटातून माणूस बाहेर आलं की चार लोक बोलवायचे, गाणी म्हणायची, ज्याला वाटेल त्याने साक्ष द्यायची, म्हणजे देवाने काय केलं ते उभं राहून सांगायचं, आणि पोटभर जेवायचं.

आम्ही निघालो ते त्या उपकारस्तुतीला. निदान हिला तसं वाटत होतं. खरं म्हणजे मी पोरीला परत आणायला निघालो होतो. भुसावळला एका शाळेत प्रयोगशाळेची जागा रिकामी होती. ओळखीने अर्ज आणून मी तो सगळा भरला होता, फक्त तिच्या सहीची जागा कोरी. चार घड्या घालून सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला होता. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, तीस वर्षं "प्रभू राखतो, भिऊ नका" असं उभं राहून सांगणारा मी. स्वतःच्या पोरीवर आलं तेव्हा माझ्या काळजाचं पाणी झालं होतं.

पहिला दिवस: भुसावळ, जळगाव, धुळे

दीपनगरहून रिक्षाने भुसावळ, तिथून एसटीने जळगाव. ज्यांना जायचंय त्यांनी सकाळी लवकर निघावं, साडेनऊनंतर जळगावात शिरताना रिक्षा आणि दुचाक्यांमध्ये बस मुंगीसारखी सरकते. स्टँडबाहेर चहा घेतला. डाळ मिलचा तो कोरडा, भाजल्यासारखा वास नाकात गेला की मला जळगावात आल्याची खात्री पटते, पाटी वाचावी लागत नाही.

धुळ्याची गाडी लगेच मिळाली. मला ज्येष्ठ म्हणून अर्धं तिकीट, हिला बाई म्हणून अर्धं. दोघं मिळून आम्ही एक माणूस झालो, असं कंडक्टर म्हणाला. ही म्हणाली, "लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, आज कुठे सरकारने मान्य केलं."

बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडला की पाळधी, एरंडोल, पारोळा. रस्ता आता चौपदरी झालाय, पूर्वी याच रस्त्याने हाडं खिळखिळी व्हायची. दोन्हीकडे कपाशीची शेवटची वेचणी चालली होती, मधेमधे दादर ज्वारीची हिरवी कणसं. पारोळ्याला दहा मिनिटं गाडी थांबते. घरून आणलेली कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, भरीत आणि हिरवी मिरची तिथेच बाकावर सोडली. भरीत भरताच्या वांग्यांचं होतं, कपाशीच्या काड्या पेटवून भाजलेलं. थंडीत या बाजूला येणार असाल तर हॉटेलात शेवभाजी खा, पण भरीत कुणाच्या तरी घरचंच खा.

धुळ्याला उतरल्यावर ही म्हणाली आधी दवाखान्यात जाऊ. मला नको होतं. त्या व्हरांड्यातल्या बाकड्यावर मी सात आठवडे बसलो होतो. तिथे बसून मी देवाला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण हिने पेढ्यांचा डबा आणला होता, सिस्टरांना द्यायचा होता. मोठ्या सिस्टरने आम्हाला लांबूनच ओळखलं. म्हणाल्या, ड्रेसिंग बदलताना बाकीचे पेशंट ओरडतात, तुमची पोर आम्हालाच गाणं म्हणायला लावायची. सूर चुकला की पुन्हा म्हणायला सांगायची. मग विचारलं, आता काय करते? मी बोलायच्या आत ही म्हणाली, "परवा कामावर जातेय."

मुक्काम चर्चच्या आवारातल्या पाहुण्यांच्या खोलीत. साधी खोली, स्वच्छ, गरम पाणी बादलीने मिळतं, आधी फोन करून ठेवावा लागतो. जेवताना मी हळूच हिला अर्जाचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. भाताचा घास संपवला आणि विचारलं, "तुम्ही आठ महिने प्रार्थना करत होता की अर्ज?"

मी वरण मागितलं.

दुसरा दिवस: सोनगीरचा ठोका आणि नरडाण्याचं अंगण

धुळ्याहून नरडाणा आग्रा रोडने जेमतेम तासाभराचं. वाटेत सोनगीर लागतं. तांब्यापितळेची भांडी घ्यायची तर इथेच उतरा. गल्लीत शिरण्याआधीच ठोक्यांचा आवाज येतो. रूथला पाणी प्यायला तांब्याचा लोटा घेतला. कारागीर म्हातारे होते, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे. भांड्यावर नाव टाकू का म्हणाले. मी म्हटलं टाका. छिन्नी आणि छोटी हातोडी घेऊन त्यांनी ठिपक्या-ठिपक्यांनी "रूथ" लिहिलं, इतकं सरळ की मला माझ्या शाळेतल्या अक्षराची लाज वाटली.

मी पैसे देऊन रस्त्यावर आलो. ही मागे रेंगाळली. बायका दुकानात रेंगाळतात, मी लक्ष दिलं नाही. पाच मिनिटांनी पदराला काहीतरी बांधून बाहेर आली.

नरडाण्याला रूथ यमुनाअक्कांच्या घरी भाड्याने राहते. अक्का शेतकरी घरातल्या, एकट्या, बोलायला लागल्या की थांबत नाहीत. दारातच त्यांनी माझा हात धरला. "आबा, तुमनी पोर वाघीन शे. बठ्ठा पयनात, हाई एकलीच मांगे फिरनी." म्हणजे सगळे पळाले, ही एकटीच मागे फिरली.

हे मागे फिरणं मला आठ महिने उमगलं नव्हतं. दाराच्या बाहेर पोहोचलेली पोर परत वाफेत का गेली? दवाखान्यात मी एकदाच विचारलं होतं. ती म्हणाली होती, "आबा, बोर्डावर दोन बिल्ले होते ना."

बिल्ल्याचं तुम्हाला सांगायला हवं. आमच्या वीजकेंद्रात यंत्राच्या आत कामाला उतरणाऱ्याने आपला बिल्ला दाराशी लटकवायचा, काम संपवून बाहेर आला की स्वतः काढायचा. बिल्ला लटकतोय म्हणजे माणूस आत आहे. दुसऱ्याने कुणीही, साहेबानेसुद्धा, तो काढायचा नाही. एकदा माझी शनिवारची रात्रपाळी संपली आणि मी तो तसाच ठेवून घरी आलो. रविवारी सकाळी चर्चमध्ये मी डोळे मिटून प्रार्थना सांगतोय आणि दारात कंपनीची जीप. दोन माणसं आत येऊन पाळकसाहेबांच्या देखत मला उचलून घेऊन गेली, कारण माझ्या बिल्ल्यापायी पंप सुरू करता येत नव्हता. रूथ तेव्हा पहिलीत होती. ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगून झाली की तिला पाठ होती. नरडाण्याच्या कारखान्यात असं काही नव्हतं. पोरीने साहेबांच्या मागे लागून बॉयलरच्या खोलीच्या दाराशी बोर्ड लावून घेतला, पत्र्याचे नंबरवाले बिल्ले करून घेतले. लोक चेष्टा करायचे, मास्तरीण हजेरी घेते म्हणायचे.

उन्हं कलली तशी अंगणात सतरंज्या पडल्या. धुळ्याचे पाळकसाहेब मोटरसायकलवर आले, ढोलकी आणि टाळ घेऊन मंडळीतली सात-आठ माणसं आली. अक्कांनी गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेच्या बट्ट्या लावल्या होत्या, वांग्याची घोटलेली भाजी चुलीवर रटरटत होती. गाणी झाली, शास्त्राचं वाचन झालं. साक्षीची वेळ आली तेव्हा मागच्या रांगेतून एक माणूस उठला. पांढरी टोपी, दाढीत थोडं पांढरं. सलीमभाई, धुळ्याचे, रूथच्याच कारखान्यातले फिटर. शेजारी त्यांची बायको आणि दोन मुली बसल्या होत्या. पाळकसाहेबांना म्हणाले, मला तुमच्या पद्धतीने बोलता येत नाही, पण मला बोलायचंय.

मी त्यांचे शब्द जमतील तसे लिहितोय.

"मी आणि माझा जोडीदार मागच्या पंपावर होतो. आवाज झाला आणि स्वतःचा हात दिसेनासा झाला. दार कुठं, भिंत कुठं, काही कळेना. आम्ही खाली झोपलो. मी म्हटलं संपलं. तेवढ्यात कुणीतरी ओरडतंय, चार नंबर, सात नंबर, खालीच राहा, मी व्हॉल्व्ह बंद करतेय. आबा, ती नाव घेत नव्हती. आत कोण आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. बोर्डावर नंबर वाचून आली होती. सात नंबर म्हणजे मी."

ते खाली बसले. त्यांच्या धाकट्या मुलीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. चुलीवर भाजी रटरटत होती.

मग पाळकसाहेब म्हणाले, शेवटची प्रार्थना आबांनी करावी. आता, माझ्या प्रार्थनेची ख्याती अशी आहे की लोक आधी पाणी पिऊन घेतात. मी उभा राहिलो. मनात ठरवून आलो होतो, सगळ्यांसमोर म्हणायचं की देवाने एकदा वाचवलं, आता पोरीला घरी नेतो. हात आपोआप खिशावर गेला. कागद हाताला लागला. समोर रूथ बसली होती, डावी बाही वर सरकलेली, हातावरची कातडी ताणून गुळगुळीत झालेली, आणि तो हात तिने लपवलेला नव्हता.

मी आठ महिने देवाला म्हणत होतो, तिला वाफेपासून लांब ठेव. आणि हा माणूस सांगत होता की देव त्या वाफेतच होता, पोरीच्या पायांनी चालत होता.

मी म्हटलं, "प्रभू, ही तुझी आहे. आम्ही तिला आमचीच समजत बसलो. आमेन."

डोळे उघडले तर सगळे माझ्याकडेच बघत होते. अजून काही येईल म्हणून. अक्का म्हणाल्या, "बट्टी थंडी व्हई जाई म्हनीसन आवरी लिधं का, आबा?" तेव्हा कुठे हशा पिकला. सलीमभाईंच्या पानात तूप मी स्वतः वाढलं. ते नको नको म्हणत राहिले, मी ऐकलं नाही.

तिसरा दिवस: फाटक, बोर्ड आणि बेटावद

सकाळी आम्ही तिघं चालतच कारखान्यावर गेलो. फाटकाशी हिने पदराची गाठ सोडली आणि रूथच्या हातात काहीतरी ठेवलं. पितळेचा बिल्ला. सोनगीरच्या कारागिराकडून पत्र्याचा तुकडा कापून घेतला होता, वर भोक, आणि ठिपक्यांनी "रूथ". तिचा जुना बिल्ला त्या दिवसाच्या धावपळीत हरवला होता, हे हिच्या लक्षात होतं. माझ्या खिशात अर्ज आणि तिच्या पदराला बिल्ला, असे आम्ही दोघं एका अर्ध्या-अर्ध्या तिकिटावर आलो होतो.

पाळीच्या साहेबांनी मला, जुना बॉयलरवाला म्हणून, पाच मिनिटं आत पाहू दिलं. डोक्यावर हेल्मेट चढवलं. दाराशी बोर्ड. रूथने आपला बिल्ला लटकवला, मग "पाहुणा" लिहिलेला एक माझ्या हातात दिला. मी लटकवला. नवीन पाइप, नवीन जोड, सगळं हात मागे बांधून पाहिलं. चूक काढायला जागा नव्हती. तिने गेज वाचला, वहीत नोंद केली, सलीमभाईंना काहीतरी विचारलं, त्यांनी मान डोलावली. तीस वर्षं मी दीपनगरला अशीच पाळी सुरू केली, पण त्या वेळी मला कुणी पाहत नव्हतं. छाती भरून आली की हेल्मेटचा पट्टा घट्ट होतो का, मला माहीत नाही. मला तसं वाटलं.

दुपारच्या पॅसेंजरने आम्ही निघालो. नरडाणा स्टेशन छोटं आहे, गर्दी कमी, जागा मिळते. एसटीपेक्षा स्वस्त, आणि अमळनेर, धरणगाव करत ही गाडी थेट भुसावळला पोहोचवते. मी तर म्हणेन जाताना रस्ता, येताना रेल्वे. हिने बट्ट्यांचं पुडकं सोडलं. कागद ओळखीचा वाटला. तेलाच्या डागाखाली माझंच अक्षर, "अर्जदाराचे नाव". मी हिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली अक्कांच्या घरात दुसरा कागद सापडला नाही, खुंटीवरच्या सदऱ्यात हा होता.

बट्टीचा दुसरा घास तोंडात असताना फोन वाजला. रूथ.

"आबा, कुठपर्यंत पोहोचलात?"

म्हटलं, बेटावद येतंय.

"तुमचा बिल्ला बोर्डावरच आहे."

मी म्हटलं, पोरी, काढून टाक ना.

"मी कशी काढू? ज्याचा त्यानेच काढायचा. कामाची माणसं चालतात, पण पाहुणा आत आहे असं दिसतंय तोवर दुपारची वाफ चढवता येत नाही. सगळे थांबलेत." मागून सलीमभाईंच्या हसण्याचा आवाज येत होता.

ही ऐकत होती. आठ महिन्यांत पहिल्यांदा ती अशी हसली की समोरच्या बाकावरची बाईही कारण न कळता हसायला लागली. डोळे पुसत म्हणाली, "या वेळी जीप तरी येतेय का?"

बेटावदला उतरलो. रिक्षावाल्याला म्हटलं नरडाणा वसाहत, लवकर. त्याने विचारलं, आबा, कोन बीमार शे का? मी म्हटलं नाही, मी आत अडकलोय. त्या बिचाऱ्याने गाडी जोरात मारली.

बोर्डावर सगळे पत्र्याचे बिल्ले मळकट, मधे एकच पितळी चमकत होता. मी माझा काढला. दाराच्या काचेतून रूथने पाहिलं आणि हात वर केला. डावा हात. मग ती वळली आणि व्हॉल्व्ह फिरवायला लागली. पाइपमधून वाफ चढल्याचा आवाज मी बाहेर उभा राहून पूर्ण ऐकला. भीती होती. ती गेलेली नाही, खोटं कशाला लिहू. पण त्या भीतीच्या शेजारी आता दुसरंही काहीतरी उभं होतं.

घरी पोहोचायला रात्र झाली. तेव्हापासून माझी सकाळची प्रार्थना आखूड झालीय. मंडळीतल्या लोकांना बरं वाटतंय, हिला संशय येतोय. मी रूथसाठी आता वाफेपासून सुटका मागत नाही. सकाळी सात वाजता, तिची पाळी लागते त्या वेळी, डोळे मिटतो आणि म्हणतो, प्रभू, ती आत गेलीय, तिचा पितळेचा आहे, बोर्ड वाचत राहा.

तुमच्याही घरचं कुणी असंच कुठे आत असेल, दवाखान्यात, परक्या गावात, धोक्याच्या कामावर. त्याचं नाव मला कळवा, सकाळी सातला रूथच्या शेजारी त्याचंही घेईन. दगडूनाना, डोळा नवा झालाय तर पहिलं पत्र तुमचंच येऊ द्या. आणि बाकीच्यांनीही उशीर लावू नका, लवकर लिहा, मी वाट पाहतोय.